पॉइंट गार्ड ठेवा किंवा विका, पण करार संपायची वाट पाहू नका

चांगल्या पॉइंट गार्डचा, म्हणजे चेंडू पुढे नेऊन चाली रचणाऱ्या खेळाडूचा, करार संपत आला की एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगच्या कुठल्याही शहरात एकच वाद पेटतो. त्याला नवा करार द्यायचा, की आत्ताच ट्रेड करून, म्हणजे दुसऱ्या संघाला देऊन, बदल्यात काही मिळवायचं? चाहते यातली एकेक बाजू धरून भांडतात. संघाचं व्यवस्थापन मात्र बऱ्याचदा तिसरंच उत्तर देतं: हंगाम तर संपू दे, मग पाहू. माझा विरोध या तिसऱ्या उत्तराला आहे. ठेवण्यात चूक होऊ शकते, विकण्यातही होऊ शकते. पण त्या चुकीनंतर हातात एखादा खेळाडू उरतो, एखादी ड्राफ्ट पिक (नवा खेळाडू निवडण्याचा हक्क) उरते, निदान पुढच्या ट्रेडमध्ये वापरता येईल असा पगार तरी उरतो. वाट पाहून खेळाडू गमावला तर काहीच उरत नाही. हे का होतं ते पगाराच्या हिशोबात शिरल्याशिवाय कळत नाही, म्हणून आधी हिशोबच मांडू.

२०२५-२६ च्या हंगामासाठी सॅलरी कॅप, म्हणजे संघाच्या एकूण पगाराची मर्यादा, सुमारे १५.४६ कोटी डॉलर ठरली. कॅप काही सवलतींनी ओलांडता येते, पण वर आणखी रेषा आहेत: दंड सुरू होतो ती लक्झरी टॅक्सची रेषा १८.७९ कोटींवर, आणि निर्बंध कडक होत जातात ते पहिला एप्रन १९.५९ कोटींवर आणि दुसरा एप्रन २०.७८ कोटींवर. समजा, एका संघाचा एकूण पगार १९ कोटी आहे आणि त्यातले ३.५ कोटी पॉइंट गार्डचे आहेत. करार संपला आणि तो दुसरीकडे गेला. चाहत्याला वाटतं, साडेतीन कोटी मोकळे झाले, आता तेवढ्यात दुसरा आणू. पण त्याला वजा करून उरलेला पगार होतो १५.५ कोटी, म्हणजे अजूनही कॅपच्या किंचित वर. मोकळी जागा शून्य. अशा संघाच्या हातात मिड-लेव्हल सवलत, म्हणजे कॅपच्या वर असतानाही बाहेरचा खेळाडू घ्यायची ठरावीक मुभा, उरते, ती सुमारे १.४१ कोटींची. त्याखाली अर्ध्या कोटीच्या आसपासची एक द्विवार्षिक सवलत आणि किमान पगाराचे करार. साडेतीन कोटींच्या गार्डची जागा १.४१ कोटींच्या गार्डने भरायची, असा हा प्रकार आहे.

आता तोच गार्ड फेब्रुवारीच्या मुदतीआधी ट्रेड केला असता तर? ३.५ कोटींचा पगार बाहेर पाठवणाऱ्या संघाला नियमाने त्याच्या सव्वापट अधिक अडीच लाख डॉलर, म्हणजे ४.४ कोटींपर्यंतचा पगार आत घेता येतो. मात्र पाठवल्यापेक्षा जास्त पगार घेतला की पहिला एप्रन ही पक्की मर्यादा होते. आपल्या उदाहरणात बाकी पगार १५.५ कोटी आहे, म्हणून प्रत्यक्षात ४.०९ कोटींपर्यंतच जाता येईल. तरी १.४१ विरुद्ध ४.०९ हा फरक आहेच. एकच खेळाडू, एकच संघ, फक्त चार-पाच महिन्यांचं अंतर.

कॅप ओलांडूनही आपल्या खेळाडूला करार देता येतो तो बर्ड हक्कांमुळे. बॉस्टनच्या लॅरी बर्डवरून हे नाव पडलं. फ्री एजंट (करार संपलेला मोकळा खेळाडू) म्हणून संघ न बदलता तीन हंगाम काढलेल्या खेळाडूवर संघाला हा पूर्ण हक्क मिळतो. तो हक्क खेळाडूला चिकटलेला असतो, संघाच्या तिजोरीत ठेवलेला नसतो. खेळाडू फ्री एजंट म्हणून गेला की हक्क विरघळला. ट्रेड झाला तर मात्र हक्क नव्या संघाकडे जातो, आणि करार संपायला काही महिने उरलेल्या गार्डसाठीही कुणी चांगली किंमत देतो त्यामागे हेच कारण असतं. घेणारा संघ त्या खेळाडूबरोबर उन्हाळ्यात कॅप ओलांडून त्याला करार देण्याची मुभाही विकत घेत असतो.

डॅलस मॅव्हरिक्सने हा धडा दोनदा घेतला, अठरा वर्षांच्या अंतराने. २००४ च्या उन्हाळ्यात तीस वर्षांचा स्टीव्ह नॅश फीनिक्सला गेला आणि डॅलसला बदल्यात काहीही मिळालं नाही. पुढच्या दोन्ही हंगामांत, २००५ आणि २००६ मध्ये, नॅश लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. जेलन ब्रन्सनची गोष्ट तर अधिक चटका लावणारी आहे. ड्राफ्टच्या दुसऱ्या फेरीत ३३ व्या क्रमांकावर निवडलेला हा गार्ड २०२१-२२ च्या हंगामात नियमाने चार वर्षांच्या सुमारे ५.५६ कोटी डॉलरच्या मुदतवाढीला पात्र होता. ती झाली नाही. वसंतातल्या प्लेऑफमध्ये (नियमित हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत) संघाचा मुख्य खेळाडू लुका डॉन्चिच जखमी असताना ब्रन्सनने युटाविरुद्ध एका सामन्यात ४१ गुण काढले, आणि जुलैत तो चार वर्षांच्या १०.४ कोटींच्या करारावर न्यू यॉर्क निक्सकडे गेला. डॅलसच्या हाती तेलही नाही, तूपही नाही. ती जागा भरायला फेब्रुवारी २०२३ मध्ये कायरी अर्व्हिंग आणला, पण त्यासाठी डोरियन फिनी-स्मिथ, स्पेन्सर डिनविडी आणि २०२९ ची पहिल्या फेरीची पिक मोजावी लागली. २०२४ मध्ये डॅलस अंतिम फेरीत पोचलं हे खरं. पण ज्या जागेवर आधी स्वस्तात मिळणारा माणूस बसलेला होता, तिथे दुसऱ्याला बसवण्याची ही किंमत होती.

टोरोंटोने २०२३ मध्ये हेच केलं. फेब्रुवारीत संघ मधल्या गटात घुटमळत होता. फ्रेड व्हॅनव्हलीट उन्हाळ्यात करारातून बाहेर पडू शकतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी त्याला ठेवलं, उलट पहिल्या फेरीची पिक देऊन याकोब पोल्टल आणला. जुलैत ह्यूस्टनकडे मोकळी कॅप होती. त्यांनी व्हॅनव्हलीटला तीन वर्षांचे सुमारे १३ कोटी देऊ केले आणि तो गेला. बदल्यात शून्य.

"मग पाहू" म्हणणारे इथे साइन-अँड-ट्रेडचं नाव घेतात: जायचाच असेल तर उन्हाळ्यात करार करून पाठवू आणि बदल्यात काहीतरी घेऊ. हा भरवसा पोकळ आहे. एक तर खेळाडूची संमती लागते, आणि घेणाऱ्या संघाकडे मोकळी जागा असेल तर त्याला तुमची गरजच नसते. जागा नसेल तर असा खेळाडू घेताच त्या संघावर पहिल्या एप्रनची पक्की मर्यादा बसते, म्हणून निम्मे ग्राहक तिथेच गळतात. शिवाय पगार जुळवण्याचा एक चमत्कारिक नियम आहे. खेळाडूला २० टक्क्यांहून जास्त वाढ मिळाली, तर पाठवणाऱ्या संघासाठी त्याचा पगार नव्या पगाराच्या निम्मा किंवा जुना पगार, यातला जो मोठा तो धरतात. २ कोटींचा गार्ड ३.५ कोटींवर गेला, तर पाठवणाऱ्याच्या वहीत २ कोटीच गेले आणि घेणाऱ्याच्या वहीत ३.५ आले. मधलं दीड कोटीचं भगदाड बुजवायला बहुधा तिसरा संघ शोधावा लागतो. २०२१ मध्ये काइल लाउरी टोरोंटोहून मायामीला याच वाटेने गेला आणि टोरोंटोला गोरान ड्रागिच व प्रेशस अचिउवा मिळाले. ते जमलं याचं कारण लाउरीला मायामीच हवी होती आणि मायामीला पगार पाठवल्याशिवाय तो घेता येत नव्हता. असा योग जुळून येण्यावर साडेतीन कोटींची जागा पणाला लावू नये.

मग निर्णय केव्हा घ्यावा? माझ्या मते शेवटच्या हंगामाआधीचा उन्हाळा ही योग्य वेळ, आणि त्या हंगामातली फेब्रुवारी ही शेवटची. उन्हाळ्यात मुदतवाढीची बोलणी करता येतात. मात्र तिथेही एक कुंपण आहे. सामान्य मुदतवाढीत पहिल्या वर्षाचा पगार आधीच्या पगाराच्या १४० टक्क्यांपर्यंतच नेता येतो (फारच कमी पगाराच्या खेळाडूसाठी लीगच्या सरासरी पगाराचा आधार घेतात). २ कोटी कमावणाऱ्या गार्डला २.८ कोटींच्या वर देता येत नाही. बाजारात त्याची किंमत ३.५ असेल तर तो सही करणार नाही. वर्तमानपत्रांत लगेच "तो नाराज आहे" असं छापून येतं, पण बिचारा फक्त बेरीज करत असतो. अशा वेळी व्यवस्थापनाने स्वतःला एकच प्रश्न विचारावा: पुढच्या जुलैत आपण याला ३.५ कोटी, चार वर्षं, देणार आहोत का? उत्तर "हो" असेल तर ते त्याच्या एजंटला आत्ताच स्पष्ट सांगावं आणि निर्धास्त राहावं. "नाही" असेल तर फोन उचलावा. "बघू" असेल तर ते "नाही"च आहे, फक्त कबूल करायची हिंमत नाही.

ते उत्तर कोर्टवर शोधावं लागतं, आणि शोधताना बहुतेक जण चुकीच्या गोष्टी पाहतात. सरासरी गुण आणि असिस्ट (सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास) हे पॉइंट गार्डच्या बाबतीत फार फसवे आकडे आहेत. चेंडू सतत ज्याच्या हातात राहील त्याचे असिस्ट वाढणारच. पाहायचं ते हे: पिक अँड रोल म्हणजे सहकारी स्क्रीन लावून गार्डच्या बचावपटूची वाट अडवतो आणि मग रिंगकडे वळतो ती चाल; समोरच्या संघाने तिचा बचाव बदलला की हा काय करतो? प्रतिस्पर्धी सेंटर मागे थांबला तर स्क्रीनच्या कडेवरून थेट तीन गुणांचा फटका मारण्याची धमक आहे का? बचाव स्विच झाला, म्हणजे बचावपटूंनी आपापली माणसं बदलली, आणि समोर उंच माणूस आला, तर त्याला एका पावलात मागे टाकून रिंगपर्यंत पोचतो, की चेंडू बडवत २४ सेकंदांतले १० घालवतो? दोघे अंगावर धावून आले तर त्यांच्या डोक्यावरून रोल करणाऱ्याच्या हातात चेंडू वेळेवर पडतो का? नियमित हंगामात संघ एकाच पद्धतीने बचाव करतात, कारण तयारीला वेळ नसतो. प्लेऑफमध्ये एकाच प्रतिस्पर्ध्याशी सात सामने असतात आणि तिसऱ्या सामन्यापर्यंत या तीन प्रश्नांपैकी ज्याचं उत्तर कच्चं आहे तोच पुन्हा पुन्हा विचारला जातो.

बचावाच्या टोकालाही हीच परीक्षा होते. लहान चणीचा गार्ड ज्याला अडवतोय त्याला मुद्दाम स्क्रीन लावायला बोलावतात, स्विच घडवून आणतात आणि मग आपला सर्वोत्तम खेळाडू त्या लहान गार्डसमोर उभा करतात. अशा वेळी त्या गार्डची टेप पाहताना चेंडूकडे पाहूच नये, त्याच्या पायांकडे पाहावं. स्विच टाळायला तो क्षणभर पुढे येऊन चेंडूवाल्याला थोपवतो आणि धावत आपल्या माणसाकडे परततो का? स्क्रीनच्या वरून चिकटून जातो, की दर वेळी खालून जाऊन मोकळा फटका देतो? हे चौथ्या क्वार्टरमध्येही करतो का, की तेव्हा हात वर करून उभा राहतो? चार वर्षांच्या कराराची किंमत या पायांवर ठरते.

आणखी एक गोष्ट फारशी कुणी तपासत नाही. चेंडू हातात नसताना तो काय करतो? कोपऱ्यात उभा राहून पास आला की लगेच फटका मारू शकणारा गार्ड दुसऱ्या मोठ्या खेळाडूबरोबर नांदतो. न मारू शकणारा गार्ड दुसऱ्याचं मैदान अरुंद करतो. ओक्लाहोमा सिटीने जून २०२४ मध्ये जोश गिडी शिकागोला दिला आणि ॲलेक्स करूसो घेतला, सरळ एकास एक, ते याच कारणाने. गिडी तरुण होता, उत्तम पास देणारा होता. पण डॅलसविरुद्धच्या मालिकेत बचाव करणारे त्याला मोकळा सोडून संघाचा मुख्य गार्ड शेय गिलजस-अलेक्झांडरच्या वाटेत उभे राहत होते, आणि शेवटी सुरुवातीच्या पाचांतून त्याला काढावं लागलं. पुढच्याच वर्षी, २०२५ मध्ये, ओक्लाहोमा विजेता झाला. त्या ट्रेडमध्ये गिडीच्या गुणवत्तेचा अपमान नव्हता, शिकागोने नंतर त्याला चार वर्षांचे १० कोटी दिलेच. ज्या संघात चेंडू आधीच दुसऱ्याच्या हातात आहे तिथे तो बसत नव्हता, एवढंच.

वयाबद्दल सरसकट बोलण्यात अर्थ नाही. "तिशी ओलांडलेल्या गार्डला पैसे देऊ नका" हा नियम नॅशने खोटा पाडला, ख्रिस पॉलने खोटा पाडला. पॉल ३६ वर्षांचा असताना २०२१ मध्ये फीनिक्स अंतिम फेरीत होतं. माइक कॉनली ३६ व्या वर्षी मिनेसोटासाठी कॉन्फरन्सच्या (लीगच्या दोन विभागांपैकी एकाच्या) अंतिम फेरीत सुरुवातीच्या पाचांत खेळत होता. या तिघांचं पोट फटका, नजर आणि वेग बदलण्याच्या कलेवर चालतं. ज्याचं पोट पहिल्या पावलावर आणि उडीवर चालतं त्याचा हिशोब वेगळा. जॉन वॉलने जुलै २०१७ मध्ये वॉशिंग्टनबरोबर चार वर्षांची सुमारे १७ कोटींची सुपरमॅक्स (सर्वोच्च दराची) मुदतवाढ केली. ती सुरू होणार होती २०१९-२० पासून. मधल्या काळात टाचेची शस्त्रक्रिया झाली आणि मग अकिलीसचा स्नायुबंध तुटला. त्या करारावर वॉल वॉशिंग्टनसाठी एकही सामना खेळला नाही. डिसेंबर २०२० मध्ये त्याला ह्यूस्टनला पाठवताना वॉशिंग्टनला पहिल्या फेरीची एक संरक्षित पिकही वर द्यावी लागली, आणि आला कोण, तर तशाच भल्यामोठ्या करारावरचा रसेल वेस्टब्रुक.

लवकर निर्णय घ्या असं मी म्हणतोय आणि वॉलचं उदाहरण त्याच्या उलट जातं असं वाटेल. पण वॉलच्या बाबतीत घाई झाली ती जुन्या कराराची दोन वर्षं शिल्लक असताना. संघाने दोन वर्षांची अनिश्चितता स्वतःच्या अंगावर घेतली आणि वर सर्वोच्च दरही दिला. घाईची किंमत म्हणून खेळाडूने काहीतरी सोडायला हवं, एकतर दर नाहीतर वर्षं. लवकर सही हवी असेल तर सवलत मागा, सवलत नसेल तर शेवटच्या वर्षाआधीच्या उन्हाळ्यापर्यंत थांबा. ब्रन्सनने जुलै २०२४ मध्ये निक्सबरोबर चार वर्षांचे १५.६५ कोटी घेतले. वर्षभर थांबला असता तर त्याला पाच वर्षांचे सुमारे २६.९ कोटी घेता आले असते. असं वागणारा गार्ड क्वचितच भेटतो, पण लवकर सही म्हणजे काय हे त्या करारात नीट दिसतं.

कराराचा आकार हा तर आणखी दुर्लक्षित विषय. आपल्या बर्ड हक्काच्या खेळाडूला पाच वर्षं आणि पहिल्या पगाराच्या ८ टक्के वार्षिक वाढ देता येते. दुसऱ्या संघाला चार वर्षं आणि ५ टक्केच. ३.५ कोटींपासून सुरू केलं तर आपले पाच वर्षांचे होतात २०.३ कोटी, शेवटचं वर्ष ४.६२ कोटींचं. दुसऱ्याचे चार वर्षांचे १५.०५ कोटी. म्हणजे पाचवं वर्ष आणि ८ टक्क्यांची शिडी हे दोन्ही दिले नाहीत, चार वर्षं आणि ५ टक्केच दिले, तरी आपण बाजारभावाच्या खाली जात नाही. आणि वाढ हवीच असा नियम नाही. तोच ८ टक्क्यांचा दर उतरत्या दिशेने लावता येतो: ३.५, ३.२२, २.९४, २.६६. चार वर्षांचे १२.३२ कोटी, आणि आज ३० चा असलेला गार्ड ३३ वर्षांचा होईल तेव्हा त्याचा पगार सर्वांत कमी. एजंट तक्रार करेल. त्याला सांगावं की पहिल्या वर्षी पूर्ण रक्कम मिळते आहे आणि उतरता पगार असलेला खेळाडू पुढे कुठल्याही संघाला सहज घेता येतो. टोरोंटोने २०१७ मध्ये ३१ वर्षांच्या लाउरीला पाच वर्षं दिली नाहीत, तीन दिली, १० कोटींची. दुसऱ्याच वर्षी, २०१९ मध्ये, संघ विजेता झाला. व्हॅनव्हलीटच्या वेळी चुकलेला संघ हाच, म्हणून हे मुद्दाम सांगावंसं वाटतं.

एक वर्ग मात्र असा आहे ज्याला मी ठेवूच नये असं म्हणेन. सुरुवातीच्या पाचांत खेळणारा, प्रामाणिक, चुका कमी करणारा, पण प्लेऑफमध्ये बचाव फोडू न शकणारा गार्ड. वर्षाला दोन-अडीच कोटींची मागणी त्याचीच असते. त्या दर्जाचा माल बाजारात स्वस्त मिळतो. टायस जोन्स हा लीगमधल्या सर्वांत कमी चेंडू गमावणाऱ्या गार्डपैकी एक. आधीच्या करारात वर्षाला सुमारे १.४ कोटी घेणारा हा खेळाडू २०२४ च्या उन्हाळ्यात फीनिक्सकडे किमान पगारावर, ३० लाखांच्या आसपास, आला. एकट्याच्या जोरावर बचाव फोडणारे गार्ड लीगमध्ये बोटांवर मोजण्याइतके आहेत. त्यांना काय मागतील ते द्यावं. बाकीच्यांसाठी मधल्या दराने पैसे मोजणं म्हणजे दुसऱ्या एप्रनच्या दिशेने चालत जाणं. तो ओलांडला की दोन पगार जोडून एक मोठा खेळाडू आणता येत नाही, ट्रेडमध्ये रोख देता येत नाही, आणि सात वर्षांनंतरची पहिल्या फेरीची पिक गोठते.

विकायचं ठरलं तर काय मागावं? नुसत्या पिक मागणं ही सर्वसाधारण चूक. पुनर्बांधणी करणाऱ्या संघाला पिक हव्यात, पण जिंकू पाहणाऱ्या संघाने आधी चेंडू पुढे नेणारा माणूस मागावा, ज्याच्या कराराची किमान दीड-दोन वर्षं शिल्लक आहेत. ओक्लाहोमाने २०१९ मध्ये वेस्टब्रुक ह्यूस्टनला देताना ख्रिस पॉल घेतला आणि वर पहिल्या फेरीच्या दोन पिक व दोन अदलाबदलीचे हक्क. लोकांनी पॉलला संपलेला समजून ओझं मानलं. त्या ओझ्याने पुढच्याच हंगामात संघ प्लेऑफमध्ये नेला आणि वर्षभराने त्यालाही फीनिक्सला विकता आलं. पिक घेताना समोरच्याकडे द्यायला काय आहे ते आधी तपासावं. १९८० च्या दशकातल्या क्लीव्हलँडच्या मालकाच्या, टेड स्टेपियनच्या नावाने ओळखला जाणारा नियम लागोपाठ दोन वर्षांच्या पहिल्या फेरीच्या पिक देऊ देत नाही, त्यामुळे अनेक संघांकडे एखाद-दुसरीच मोकळी असते. आणि आत्ता सही करून लगेच विकू, ही पळवाट धरणार असाल तर तारखा पाहा: कॅप ओलांडून २० टक्क्यांहून जास्त वाढ दिलेला खेळाडू १५ जानेवारीपर्यंत ट्रेड करता येत नाही. २०२६ ची मुदत ५ फेब्रुवारी. उरतात तीन आठवडे.

सॅक्रामेंटोच्या फेब्रुवारी २०२२ च्या ट्रेडवर आजही शिव्या पडतात. डि'ॲरन फॉक्स आणि टायरीस हॅलिबर्टन या दोघांतून त्यांनी फॉक्स ठेवला आणि हॅलिबर्टन इंडियानाला देऊन डोमांटास साबोनिस आणला. हॅलिबर्टनने २०२५ मध्ये इंडियानाला अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यापर्यंत नेलं. पण मला त्या ट्रेडची वेळ चुकीची वाटत नाही. दोघांनाही चेंडू हवा होता, आणि २०२३ मध्ये १६ हंगामांचा प्लेऑफचा दुष्काळ त्याच ट्रेडने संपवला. चुकलं ते कोणाला ठेवायचं हे ठरवताना. पहिल्या पावलाचा वेग ठेवला, नजर आणि फटका दिला. गोल्डन स्टेटने मार्च २०१२ मध्ये याच पेचात उलट निवड केली होती. घोट्याने सतत दगा देणारा स्टीफन करी ठेवला, मॉन्टा एलिस मिलवॉकीला देऊन अँड्र्यू बोगट घेतला आणि त्याच वर्षी करीला चार वर्षांचे ४.४ कोटी दिले. तो करार पुढे लीगच्या इतिहासातल्या सर्वांत स्वस्त करारांपैकी एक ठरला.

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप खरोखर वजनदार आहे. संघ विजेतेपदाच्या दारात असेल, करार संपत असेल आणि गार्ड सही करत नसेल, तर फेब्रुवारीत त्याला विकून हंगामच सोडायचा का? नाही. टोरोंटोला २०१९ मध्ये क्वाय लेनर्ड जाण्याचा धोका माहीत होता. ते थांबले, जिंकले, तो गेला, आणि कुणालाही पश्चात्ताप झाला नाही. पण असे संघ कुठल्याही हंगामात तीन किंवा चार असतात. पाचव्या-सहाव्या क्रमांकावर बसून स्वतःला त्यांच्यात मोजणारे दहा असतात, आणि गार्ड फुकट गमावतात ते हेच दहा.

दुसरा आक्षेप निष्ठेचा. इतकी वर्षं शहरासाठी खेळलेल्या माणसाला विकणं हृदयशून्य वाटतं. डेमियन लिलार्ड पोर्टलंडमध्ये अकरा हंगाम खेळला. जुलै २०२३ मध्ये त्याने ट्रेड मागितला तेव्हा त्याच्या कराराची चार वर्षं बाकी होती. सप्टेंबरात पोर्टलंडने त्याला मिलवॉकीला दिलं. बदल्यात ड्रू हॉलिडे, डिआंड्रे एटन, टुमानी कमारा, २०२९ ची पिक आणि दोन अदलाबदलीचे हक्क आले. कमारा २०२५ मध्ये सर्वोत्तम बचावपटूंच्या दुसऱ्या संघात निवडला गेला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लिलार्डचा अकिलीस तुटला, आणि मिलवॉकीने त्याचा उरलेला सुमारे ११.३ कोटींचा पगार पाच वर्षांवर पसरवून त्याला मोकळं केलं. त्या जुलैत लिलार्ड तीन वर्षांच्या ४.२ कोटींच्या करारावर पोर्टलंडला परतला, या वेळी त्याच्या संमतीशिवाय ट्रेड करता येणार नाही अशा कलमासह. मिलवॉकीच्या खात्यावर मात्र त्याच्या नावाने दर वर्षी सुमारे २.२५ कोटी डॉलर पडत राहतील, २०२९-३० चा हंगाम संपेपर्यंत.